किरणोत्सर्ग आणि उंदराचा भ्रूण : स्टुटगार्टच्या वादाच्या निमित्ताने

12 मार्च 2011 रोजी नेकारवेस्टहाइमच्या अणुवीज केंद्रापासून स्टुटगार्टमधल्या राज्य सरकारच्या मुख्यालयापर्यंत 45 किलोमीटर लांबीची मानवी साखळी उभी राहिली. आयोजकांच्या मते तीत साठ हजार लोक होते. कार्यक्रम कितीतरी आधी ठरला होता, अणुभट्ट्यांची मुदत वाढवण्याच्या निर्णयाविरुद्ध. पण आदल्याच दिवशी जपानमध्ये भूकंप झाला, आणि लोक हातात हात घालून उभे होते त्या दुपारी फुकुशिमाच्या स्फोटाची बातमी सगळ्यांच्या तोंडी होती. नेकारवेस्टहाइमची पहिली भट्टी त्यानंतर काही दिवसांतच थांबली, दुसरी 15 एप्रिल 2023 रोजी. भट्ट्या थांबल्या, तरी त्यांच्याभोवतीचा एक प्रश्न थांबलेला नाही : गर्भातल्या जिवाला किरणोत्सर्गाचा किती अंश बाधतो? 2007 साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अणुवीज केंद्रांच्या पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळले. पाहणीतल्या सोळा ठिकाणांत नेकारवेस्टहाइमही होते. ‘एवढ्या कमी मात्रेने असे होणे शक्य नाही’ असे तज्ज्ञ म्हणाले. त्या ‘शक्य नाही’चा एक मोठा आधार म्हणजे उंदरांवर शंभरेक वर्षे चाललेले प्रयोग.

त्या प्रयोगांतून काय हाती लागले आणि काय लागले नाही, याचा आढावा येथे घ्यायचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. गर्भाला धोका केव्हा असतो, याबद्दलची उंदराची साक्ष भक्कम आहे आणि माणसालाही बऱ्याच अंशी लागू पडते. धोका किती मात्रेपासून सुरू होतो, याबद्दलची साक्ष मात्र त्या उंदराच्या वाणावर, मोजायला निवडलेल्या परिणामावर आणि पिल्लांच्या संख्येवर अवलंबून असते. वादाचा बराचसा गुंता या दोन साक्षी एकाच वजनाच्या मानल्यामुळे झाला आहे.

सुरुवात हायडेलबर्गपासून

क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यानंतर बारा वर्षांच्या आतच, आज स्टुटगार्टच्याच राज्यात असलेल्या हायडेलबर्गमध्ये फॉन हिपेल आणि पागेनश्टेखर या दोघांनी गाभण सशिणींवर क्ष-किरण सोडून पिल्लांतली व्यंगे नोंदवली. माणसांबद्दलचा पुरावा 1929 च्या सुमारास आला. ओटीपोटावर किरणोपचार घेतलेल्या गर्भवतींच्या मुलांमध्ये डोके लहान राहण्याचे आणि बुद्धी खुंटण्याचे प्रमाण जास्त असल्याचे गोल्डस्टीन आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवले. पण अशा नोंदींत मात्रा नीट ठाऊक नसते, गर्भाचे वय अंदाजाने धरलेले असते, आणि आईचा मूळ आजार वेगळा काढता येत नाही. उंदीर इथे उपयोगी पडला. त्याचा गर्भकाळ 19-20 दिवसांचा, एका वेताला आठ-दहा पिल्ले, आणि गर्भधारणेची वेळ जवळजवळ तासांत सांगता येते. मादीच्या योनीत मिलनानंतर एक घट्ट गुठळी तयार होते. सकाळी ती दिसली की त्या दिवसाची दुपार म्हणजे गर्भाचा अर्धा दिवस. या विषयाच्या लेखनात जागोजागी साडेतीन, साडेनऊ असे अर्धे दिवस भेटतात, ते या हिशेबाने.

या हिशेबाचे चीज केले लियान रसेल यांनी. 1923 साली व्हिएन्नात जन्मलेल्या आणि नाझींमुळे देश सोडावा लागलेल्या रसेल 1947 पासून टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत काम करू लागल्या. गाभण माद्यांवर गर्भाच्या वेगवेगळ्या दिवशी बहुधा 2 ग्रेच्या (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) आसपासची मात्रा देऊन त्यांनी पिल्लांचे सांगाडे तपासले. मात्रा तीच, पण दिवस बदलला की व्यंग बदलते. अमुक दिवशी शेपटी, तमुक दिवशी बरगड्या, तर आणखी एखाद्या दिवशी पंजे. यातून गर्भकाळाचे तीन टप्पे पक्के झाले : भ्रूण गर्भाशयात रुजण्यापूर्वीचे पहिले चार-पाच दिवस, अवयव घडण्याचा साधारण सहाव्या ते तेराव्या दिवसाचा काळ, आणि त्यापुढचा वाढीचा. पहिल्या टप्प्यात भ्रूण एकतर मरतो नाहीतर सावरतो, दुसऱ्यात व्यंगे होतात, तिसऱ्यात वाढ आणि मेंदू यांना धक्का बसतो. 1952 साली रसेल दांपत्याने सुचवले की प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांच्या ओटीपोटाचे क्ष-किरण चित्र, तातडी नसेल तर, पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या चौदा दिवसांतच काढावे. क्ष-किरण तज्ज्ञांना हे मुळीच रुचले नाही. पुढे आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने हीच कल्पना ‘दहा दिवसांचा नियम’ म्हणून उचलली, आणि 1980 च्या दशकात तो नियम अठ्ठावीस दिवसांपर्यंत सैलही केला. नियम घट्ट झाला तो उंदरांमुळे आणि सैल झाला तोही उंदरांमुळेच, कारण रुजण्यापूर्वीच्या टप्प्यात व्यंग होत नाही हे तोवर सर्वमान्य झाले होते.

‘सगळे किंवा काहीच नाही’

सर्वमान्य झाले होते, पण निर्विवाद नव्हते. रुजण्यापूर्वीच्या भ्रूणातल्या पेशी अजून ठरलेल्या वाटेला लागलेल्या नसतात. काही मेल्या तर उरलेल्या त्यांची जागा घेतात. फार मेल्या तर भ्रूणच जातो, आणि स्त्रीला एरवीसारखी पाळी येते. ही मांडणी पेशींच्या वागण्याशी जुळते आणि बहुतेक वाणांत खरी ठरते. पण एसेन इथल्या क्रिस्टियान श्ट्रेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले की एचएलजी नावाच्या वाणात, फलनानंतर काही तासांतच किरण दिले तरी, जगलेल्या पिल्लांत पोटाची भिंत उघडी राहून आतडी बाहेर येण्याचे व्यंग वाढते. बेल्जियमच्या मोल इथल्या संशोधकांनाही काही वाणांत कवटी न जुळण्याचे व्यंग याच टप्प्यातल्या किरणांनंतर दिसले. नेहमी वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांत मात्र असे काही आढळत नाही.

यावर आक्षेप असा की एचएलजी वाणात हे व्यंग किरणांवाचूनही अधूनमधून होतच असते. मुळातच ज्या भिंतीत भेग आहे तिला हादरा दिला तर ती उघडणारच, त्यावरून सगळ्या घरांबद्दल निष्कर्ष काढू नये. आक्षेप योग्य आहे, पण त्याचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो. 1998 साली याच वाणातल्या या प्रवृत्तीशी निगडित जागा सातव्या गुणसूत्रावर सापडली. म्हणजे दोष नशिबाचा नव्हता, जनुकांचा होता. आणि माणसांच्या समाजात अशी जनुकीय कमजोरी असलेले कुणीच नसेल असे समजायला आधार नाही. प्रयोगशाळेतला एक वाण म्हणजे जवळजवळ एकसारख्या जनुकांचे प्राणी. माणसांची वस्ती म्हणजे अनेक वाणांची सरमिसळ. ‘बहुतेक वाणांत नाही’ या विधानाचे माणसाच्या भाषेत रूपांतर ‘बहुतेकांत नाही’ एवढेच होते. आयोगाने 2003 च्या अहवालात, ज्याच्या लेखनात श्ट्रेफर यांचा मोठा वाटा होता, हे अपवाद नोंदवले आणि तरीही कमी मात्रेला रुजण्यापूर्वीच्या टप्प्यात व्यंगाचा धोका नगण्य मानला. व्यवहारासाठी हा निर्णय मला रास्त वाटतो. मात्र ‘सगळे किंवा काहीच नाही’ हे निसर्गनियमासारखे सांगितले जाते, तसे ते आता सांगता येत नाही.

उंबरठा कुणाचा?

अवयव घडण्याच्या काळासाठी आयोगाने 2007 मध्ये मानलेला उंबरठा 100 मिलिग्रे आहे. त्याखाली व्यंगांची वाढ अपेक्षित नाही. (क्ष-किरण आणि गॅमा किरणांपुरते मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट हे आकडे सारखेच धरायला हरकत नाही.) तुलनेसाठी, जर्मनीत नैसर्गिक किरणोत्सर्गाची वार्षिक सरासरी सुमारे 2.1 मिलिसिव्हर्ट आहे. आणि काम करणाऱ्या गर्भवतीच्या पोटातल्या बाळासाठी, गर्भाची माहिती दिल्यापासून जन्मापर्यंत, तिथला कायदा 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा घालतो. भारतातही मर्यादा तेवढीच.

उंबरठा असण्यामागचे कारण 1996 साली जपानी संशोधकांच्या एका प्रयोगातून फार स्पष्टपणे पुढे आले. पी-53 हे जनुक नुकसान झालेल्या पेशीला आत्मनाशाचा हुकूम देते. साडेनवव्या दिवशी 2 ग्रे मात्रा दिल्यावर, हे जनुक शाबूत असलेल्या भ्रूणांपैकी 60 टक्के मेले आणि 20 टक्क्यांत व्यंगे दिसली. जनुक काढून टाकलेल्या भ्रूणांत मृत्यू फक्त 7 टक्के, पण व्यंगे 70 टक्के. म्हणजे शरीर बिघडलेल्या पेशी, आणि गरज पडल्यास बिघडलेला भ्रूणच, मोडीत काढते. जन्माला आलेल्या पिल्लांत व्यंगे कमी दिसतात ती या छाटणीमुळे. कमी मात्रेत तुरळक पेशी मरतात, शेजारच्या पेशी जागा भरतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. चिबा इथे वांग यांच्या गटाने याच्याही पुढे जाऊन अकराव्या दिवशी आधी 50 किंवा 300 मिलिग्रे आणि बाराव्या दिवशी मोठी मात्रा दिली, तर आधीच्या लहान मात्रेने व्यंगे कमी झाली. कमी किरण हितकारक असतात, असे म्हणणारे या निकालाचा आधार घेतात. पण तो ठरावीक वाण, ठरावीक दिवस आणि ठरावीक मात्रांपुरता आहे. त्यावरून पथ्य सांगणे घाईचे होईल.

उंबरठ्याविरुद्धचा खरा आक्षेप आकडेशास्त्राचा आहे, आणि तो करून पाहण्यासारखा आहे. समजा एखाद्या वाणात किरणांवाचून 3 टक्के पिल्लांत व्यंग असते. 10 मिलिग्रे मात्रेने ते 3.3 टक्के होते, म्हणजे दहात एकाची वाढ. ही वाढ नेहमीच्या निकषांवर पकडायची तर किरण दिलेल्या आणि न दिलेल्या अशा प्रत्येक गटात सुमारे पन्नास हजार पिल्ले तपासावी लागतील. एका वेताला नऊ पिल्ले धरली तर प्रत्येक गटाला साडेपाच हजारांहून जास्त गाभण माद्या. शिवाय एका वेतातली भावंडे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही जास्त. काही शे वेतांच्या प्रयोगात 100 मिलिग्रेखाली फरक दिसला नाही, तेव्हा जीवशास्त्राचा उंबरठा सापडला की आपल्या नजरेची मर्यादा, हे त्या प्रयोगावरून ठरत नाही. उंबरठ्याच्या बाजूचे लोक उत्तर देतात की आमचा आधार फक्त ‘दिसले नाही’ एवढाच नाही, पेशींची छाटणी आणि भरपाई यांची यंत्रणाही आम्ही दाखवली आहे. हे उत्तर व्यंगांपुरते वजनदार आहे, कारण व्यंग घडायला एकाच वेळी अनेक पेशी जाव्या लागतात. कर्करोगाला एक पेशी पुरते, आणि तिथे हे उत्तर अपुरे पडते.

मेंदू : काळाची साक्ष

काळाबाबत उंदीर आणि माणूस यांचा मेळ सर्वांत चांगला मेंदूत दिसतो. हिरोशिमा आणि नागासाकीत गर्भात असताना किरण लागलेल्या मुलांच्या अभ्यासात ओटाके आणि शल यांनी 1984 मध्ये दाखवले की गंभीर मतिमंदत्व मुख्यत्वे गर्भाच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यात किरण लागलेल्यांत आले. आठव्या आठवड्याआधी नाही, पंचविसाव्यानंतर नाही. हा काळ मेंदूच्या बाह्यभागाच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी सरकण्याचा. उंदरात ही घडामोड गर्भकाळाच्या उत्तरार्धात चालते, आणि त्याच दिवसांत किरण दिलेल्या पिल्लांचा मेंदू लहान राहतो. मणिपाल इथे पी. उमा देवी यांच्या गटाने पांढऱ्या स्विस उंदरांवर वर्षानुवर्षे हेच काम केले. चौदाव्या दिवशी दीड ग्रेपर्यंतच्या मात्रा दिलेल्या पिल्लांचे मेंदूचे वजन, स्मृतीशी निगडित भागाची रचना आणि मोठेपणीचे वागणे त्यांनी तपासले. काळ जुळतो, इंद्रिय जुळते. मात्रेबाबत आयोग माणसासाठी गंभीर मतिमंदत्वाचा उंबरठा किमान 300 मिलिग्रे मानतो. पण बुद्ध्यंकात दर ग्रेला सुमारे 25 गुणांची घटही तोच नोंदवतो, आणि ही घट उंबरठ्याशिवाय आहे की नाही हे त्याने उघडेच ठेवले आहे. उंदराला बुद्ध्यंक नसतो. चक्रव्यूहात त्याला लागलेल्या वेळावरून शाळेतल्या मुलाचे दोन-चार गुण मोजता येणार नाहीत.

रक्ताचा कर्करोग : साक्ष जिथे फुटते

स्टुटगार्टच्या वादाचा गाभा मात्र व्यंगे किंवा बुद्धी नाही, लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग आहे, आणि नेमकी इथेच उंदराची आणि माणसाची साक्ष जुळत नाही. ऑक्सफर्डच्या अॅलिस स्टुअर्ट यांनी 1956 पासून दाखवले की गर्भात असताना आईच्या ओटीपोटाच्या क्ष-किरणांना सामोऱ्या गेलेल्या मुलांत कर्करोग सुमारे 40 टक्क्यांनी जास्त आढळतो. त्या तपासण्यांतली मात्रा 10 मिलिग्रेच्या आसपास होती, म्हणजे व्यंगांच्या उंबरठ्याचा दहावा हिस्सा. 1997 मध्ये डॉल आणि वेकफर्ड यांनी सगळा पुरावा तपासून हा संबंध बहुधा कार्यकारणाचा आहे असे म्हटले आणि धोका दर ग्रेला सुमारे 6 टक्के धरला. म्हणजे 10 मिलिग्रेला दहा हजारांत सहा मुले. गर्भात किरण लागलेल्या उंदरांत मात्र रक्ताचा कर्करोग फारसा वाढत नाही. प्रौढ उंदरात ज्या मात्रेने तो होतो, तीच गर्भात बहुधा निष्फळ ठरते. हिरोशिमाच्या अभ्यासकांना आणखी एक कोडे सापडले. गर्भात जास्त मात्रा लागलेल्यांच्या रक्तपेशींत चाळीसएक वर्षांनी गुणसूत्रांचे बिघाड जवळजवळ दिसेनात, फक्त 100 मिलिसिव्हर्टखालच्या मात्रांत थोडी वाढ दिसली. उंदरांतही गर्भात मिळालेले असे बिघाड मोठेपणी बरेचसे पुसले गेलेले आढळले. छाटणीची यंत्रणा इथेही काम करत असावी, आणि थोडक्या बिघाडाला ती पुरती पकडत नसावी, असा एक तर्क आहे. तो अजून तर्कच आहे.

या पार्श्वभूमीवर माइन्त्सच्या बालकर्करोग नोंदणी केंद्राची 2007 ची पाहणी वाचली पाहिजे. 1980 ते 2003 या काळात पाच किलोमीटरच्या आत रक्ताच्या कर्करोगाची 37 मुले आढळली, जिथे 17 अपेक्षित होती. आकडा खरा आहे, पद्धत काटेकोर आहे, आणि पाहणी करणाऱ्यांनीच लिहिले की ज्ञात किरणजीवशास्त्राने हे स्पष्ट होत नाही, कारण केंद्रांमुळे मिळणारी मात्रा नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी आहे. पुढे फ्रान्स, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये तशा पाहण्या झाल्या, त्यांतून एकमुखी उत्तर निघाले नाही. एक पक्ष म्हणतो की वाढीचे कारण किरणांबाहेर शोधा. ब्रिटिश संशोधक किनलेन यांची मांडणी अशी की आडगावात बाहेरून माणसे आली की नव्या संसर्गांची सरमिसळ होते, आणि त्यातून क्वचित हा रोग उद्भवतो. दुसऱ्या पक्षाचे, विशेषतः इयन फेअरली यांचे, म्हणणे असे की वार्षिक सरासरी फसवी आहे. इंधन बदलताना भट्टी उघडली जाते तेव्हा ट्रिशियम आणि कार्बन-14 थोड्या वेळात जास्त बाहेर पडतात, ते गर्भवतीच्या पाण्या-अन्नातून भ्रूणाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत जातात.

दुसऱ्या मांडणीचे बळ काळाच्या युक्तिवादात आहे, आणि तो युक्तिवाद उंदरानेच शिकवलेला आहे. चुकीच्या दिवशी लागलेली लहान मात्रा महिनाभर पसरलेल्या मोठ्या मात्रेपेक्षा जास्त बाधू शकते. पण मात्रेच्या कसोटीवर ती अडखळते. ट्रिशियमचा परिणाम गॅमा किरणांच्या एक ते तीन पट धरला, भ्रूणाची संवेदनशीलता आणखी वाढवली, तरी हजारपटीची दरी भरत नाही. हा पक्ष मग म्हणतो की मात्रेचे गणितच चुकत असेल. असेलही, पण ते कुठे आणि किती चुकते हे दाखवण्याची जबाबदारी त्याच पक्षाची आहे. उलट पहिल्या पक्षालाही एक गोष्ट विचारता येते : उंदरात रक्ताचा कर्करोग गर्भातल्या किरणांनी वाढत नाही, आणि माणसात 10 मिलिग्रेला वाढतो, हे मान्य असेल, तर या रोगापुरता उंदराचा हवाला तुम्ही कोणत्या आधारावर देता?

तुर्भ्यापासून कोल्लमपर्यंत

स्टुटगार्ट आणि मुंबई ही 1968 पासून भगिनी-शहरे आहेत, आणि या विषयात दोन्हींचा संबंध नुसता औपचारिक नाही. स्टुटगार्ट विद्यापीठाची फाइइंगेनमधली शिकवणीपुरती छोटी अणुभट्टी 1964 ची, तुर्भ्याची अप्सरा 1956 ची. पण उंदरांच्या पलीकडचा पुरावा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभा केला, तो केरळच्या किनाऱ्यावर. कोल्लम जिल्ह्यातल्या मोनाझाइट वाळूमुळे तिथे काही घरांत वर्षाला 1 पासून सुमारे 45 मिलिग्रेपर्यंत मात्रा मिळते. केंद्राने 1995 पासून तिथल्या रुग्णालयांत नवजात बाळांची तपासणी सुरू केली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात 1 लाख 41 हजारांहून जास्त बाळे होती. जास्त आणि कमी किरणोत्सर्गाच्या भागांत मृतजन्म आणि मोठ्या व्यंगांत किरणांशी जोडता येईल असा फरक दिसला नाही. वर केलेला पन्नास हजारांचा हिशेब आठवला तर या संख्येचे मोल कळते. उंदरांच्या कुठल्याही प्रयोगशाळेला न झेपलेली मोजणी प्रसूतिगृहांनी केली. मर्यादा आहेतच. सर्वाधिक मात्रेच्या घरांतली बाळे थोडी, नऊ महिन्यांत मिळणारी मात्रा बहुतेकांना काही मिलिग्रेच, आणि वाढीव जन्मदोष पकडला जाईल पण बुद्धीतली बारीक घट किंवा वीस हजारांत एखादा रक्ताचा कर्करोग पकडला जाणार नाही.

काय बाकी आहे

बाकी आहे ते मुख्यतः मंद, सततच्या मात्रेबद्दल. उंदरांवरचे बहुतेक प्रयोग काही मिनिटांत दिलेल्या मोठ्या मात्रांचे आहेत. भट्टीजवळ किंवा केरळात मात्रा थेंबाथेंबाने मिळते. जपानच्या रोक्काशो इथल्या संस्थेने 4000 प्रौढ उंदरांवर सुमारे 400 दिवस रोज 0.05, 1.1 आणि 21 मिलिग्रे अशा मात्रा देऊन 2003 साली निकाल मांडले. 21 मिलिग्रेला नर-मादी दोघांचेही आयुष्य घटले, 1.1 ला फक्त माद्यांचे. असाच प्रयोग गर्भकाळापुरता केला तर एकोणीस दिवसांत मधल्या पातळीवर एकूण सुमारे 21 मिलिग्रे साठतील आणि वरच्या पातळीवर सुमारे 400. म्हणजे व्यंगांच्या मानलेल्या उंबरठ्याच्या बरेच खाली आणि बरेच वर. मधली रोज तीन ते सहा मिलिग्रेची पट्टी, जिथे उत्तर दडलेले असू शकते, मोकळी राहते. ती भरायची तर एकाच वाणावर भागणार नाही. एचएलजीसारखे कमजोर वाण, पी-53 ची एकच प्रत असलेले उंदीर आणि नेहमीचे काळे उंदीर शेजारी ठेवावे लागतील, आणि पिल्ले जन्मताच मोजून थांबण्याऐवजी त्यांच्या रक्तपेशी आयुष्यभर पाहाव्या लागतील. खर्चाचा आणि प्राण्यांच्या संख्येचा विचार करता युरोपात हे आज कुणी हाती घेईल असे वाटत नाही. नेकारवेस्टहाइमचे भाग सध्या एकेक करून सुटे होत आहेत, आणि सोळा ठिकाणांच्या 2007 च्या पाहणीतली संख्या अजून कारणाशिवाय उभी आहे.